डॉक्टर तपासणारा माणूस

सगळी माणसं डॉक्टरकडे स्वतःला तपासून घ्यायला जातात. डॉक्टरलाच तपासायला जाणारा माणूस आमच्या मालवण तालुक्यात, आणि मला वाटतं तालुक्याबाहेरही, एकच झाला असेल. ते म्हणजे माझ्या ताईचे सासरे. ताईला दिवस गेल्याचं कळलं आणि त्यांनी आसपासचे बाळंतपणाचे दवाखाने असे पालथे घालायला सुरुवात केली, की पुढे पुढे ते नुसते दारात दिसले तरी आतल्या नर्सबाई एकमेकींना "मसुऱ्याचे आजोबा इले" म्हणून सावध करायच्या. बायकांच्या दवाखान्यात एखादा म्हातारा पुरुष एकटाच, पेशंटशिवाय, सकाळभर बाकावर बसून राहिला तर कोणीतरी विचारणारच. त्यांनाही विचारायचे. "आजोबा, तुमचा पेशंट कुठाय?" ते शांतपणे सांगायचे, "पेशंट मागाहून येतलो. आधी मी बघतंय." काय बघताय असं विचारायचं धाडस फारसं कोणी केलं नाही.

मसुरे त्यांचं गाव, आणि ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवर काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठे लागली ते माइकवरून सांगणारे. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण माइक काही त्यांच्या गळ्यातून निघाला नाही. घरात, वाडीत ते अस्सल मालवणी बोलायचे, आणि एखादी गोष्ट महत्त्वाची आहे असं वाटलं की मध्येच त्यांचा आवाज बदलायचा, मान ताठ व्हायची आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत घोषणा व्हायची. ताईच्या साखरपुड्यात जेवणाची दुसरी पंगत मांडली गेली तेव्हा ते मांडवाच्या खांबाशी उभे राहून म्हणाले, "मंडळींनी कृपया लक्ष द्यावे. दुसरी पंगत मांडवात लागलेली आहे." माझ्या बाबांच्या चुलतभावानं सवयीनं आपली पिशवी उचलली आणि तो रस्त्याकडे चालू लागला. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत जादा गाड्या सोडताना त्यांचा आवाज इतका बसायचा म्हणे, की नंतर आठवडाभर ते घरातल्यांशी नुसत्या खुणा करायचे, आणि माझ्या ताईच्या सासूबाई सांगतात की संसारातला तोच आठवडा तेवढा सुखाचा जायचा.

मी त्यांना काका म्हणते. आमचं घर तारकर्लीला. बाबा आता मासे मारत नाहीत, पर्यटकांना होडीतून फिरवून आणतात. आई घर आणि माड सांभाळते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे घरात काही छापील आलं की माझ्यासमोर धरतात आणि कुठे जाऊन बोलायचं असलं की मला पुढे ढकलतात. मला खरं तर पुढे जाऊन बोलायला फार भीती वाटते. पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताई आमच्याकडे आली, आणि काकांच्या डॉक्टरशोधात "शिकलेला माणूस" म्हणून मीही ओढली गेले. भावोजी गोव्यात कामाला, आठवड्यातून एकदा येणारे. त्यामुळे काका पुढे, मध्ये पोट सांभाळत ताई आणि मागे फाइल घेऊन मी, अशी आमची वरात तेव्हा बऱ्याच दवाखान्यांनी पाहिली आहे.

माहेरचं बाळंतपण म्हणजे डॉक्टरही माहेरच्यांनीच ठरवायचा, हे आमच्याकडे कोणी वेगळं सांगत नाही. आईनं तो ठरवलाही होता. काका पहिल्यांदा त्यासाठी घरी आले तेव्हा आईनं पदर सारखा करत त्यांना तसं सांगितलं. "डॉक्टर ठरलेलो आसा. वाडयेतल्या सगळ्या बायका तेच्याकडेच जातत. तेचो हात चांगलो आसा."

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "हात चांगलो. आणि कान?"

आईला काही कळलं नाही. मलाही नाही. मुलाकडचा व्याही म्हणजे त्यानं ओटीवर बसावं, पाहुणचार घ्यावा, काहीतरी नाव ठेवावं आणि संध्याकाळच्या गाडीनं जावं. हे तर सकाळच्या पहिल्या गाडीनं डब्यात उकड्या तांदळाची पेज घेऊन हजर. सुनेला माहेरची पेज लागू पडते की नाही याचीही त्यांना खात्री नव्हती. ते आठवड्यातून इतक्या वेळा यायला लागले की आईची झोप उडाली. लांबून त्यांची छत्री दिसली की ती परसातून ओरडायची, "परत इले गो. आता सुरमय खंयसून हाडू?" बाबा होडीकडे निघता निघता म्हणायचे, "पेज घेवन इलेत मा? तीच वाढ." व्याह्याला त्याचीच पेज वाढायची कल्पना आईला सहन व्हायची नाही, आणि काकांना तर आपल्यासमोर काय वाढलंय याचा पत्ताही नसायचा. मुडदुशी माशांच्या कालवणाचा भुरका मारून ते म्हणायचे, "काल बघलंय त्या दवाखान्यात संडासाच्या दाराक कडी नाय."

त्यांची तपासणी अशी होती. संडासाला कडी आहे का, ती आतून लागते का. बाकावरचा पंखा फिरतो का, की फक्त डॉक्टरांच्या डोक्यावरचा फिरतो. पेशंटबरोबर आलेल्या आईला किंवा सासूला बसायला जागा आहे का, की ती भिंतीला टेकून उभी असते. डॉक्टर बोलताना तोंडाकडे बघतात की कागदाकडे. आणि पेशंटला कसं बोलावतात, यावर तर त्यांचं मत जाणकाराचं होतं, कारण आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. एका दवाखान्यात आतली बाई दारातून "चला, पुढची पोटवाली" असं ओरडली. काका तिथल्या तिथे उठले. मी म्हटलं, "काका, डॉक्टरांना तरी भेटूया." ते म्हणाले, "गाडयेकसुद्धा मी गावाच्या नावान हाक मारी. हय माणसाक नाव नाय." आणि छत्री उघडून चालू लागले. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. नाराज झाले की ते छत्री उघडायचे.

पण खरी परीक्षा पुढे, डॉक्टरांच्या खोलीत असायची, आणि तिची मला पहिल्या वेळी इतकी लाज वाटली की आजही आठवलं तर कान गरम होतात. तो फार नावाजलेला दवाखाना होता. खोलीत काचेच्या पेटीत रंगीत मासे फिरत होते. बाबांनी आयुष्यभर जाळ्यात पाहिलेल्या माशांपेक्षा ते जास्त खुशीत दिसत होते. डॉक्टर ताईचे कागद बघत होते. तेवढ्यात काका खुर्चीत पुढे सरकले आणि साध्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, मला त्रास होता."

डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, "तुम्हाला?"

"हो."

"काय त्रास होता?"

काका डॉक्टरांकडे नुसते बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, "आता नाही ना? मग झालं. पेशंटला टेबलावर घ्या."

काका उठले. हात जोडले. आम्ही बाहेर आलो, आणि भरलेल्या बाकांसमोर त्यांचा आवाज बदलला. "ही गाडी रद्द करण्यात आलेली आहे." मग छत्री उघडली.

स्टँडवर आलो तेव्हा काका नियंत्रकाच्या खोलीत आपल्या जुन्या खुर्चीवरच्या नव्या माणसाला भेटायला गेले. मी ताईला म्हटलं, "गो, हे काय चाललंय? बाईमाणसाच्या डॉक्टरकडे जाऊन मला त्रास होता म्हणतात. लोक हसतात." ताई हसली नाही. तिनं पोटावर हात ठेवला आणि मला तिच्या नणंदेची गोष्ट सांगितली. नणंद होती आणि बाळंतपणात गेली, एवढंच मला माहीत होतं. ताई त्या घरात यायच्या आधीची ती गोष्ट, आणि त्या घरात तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

काकांची मुलगी लग्न होऊन घाटावर एका मोठ्या शहरात गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं. पण काकांनीच नको म्हटलं. आपल्याकडे काय आहे, तिकडे केवढं मोठं हॉस्पिटल आहे. ते स्वतः जाऊन बघून आले होते. त्याला लिफ्ट होती. ते लिफ्टनं वर गेले, लिफ्टनं खाली आले आणि समाधानानं घरी परतले. स्टँडवर भेटेल त्याला लिफ्टचं सांगायचे. आणि मुलीला त्यांनी लहानपणापासून एक शिकवण दिली होती, की कचेरीत, बँकेत, दवाखान्यात "माका" म्हणायचं नाही, "मला" म्हणायचं. खिडकीसमोर मालवणी बोलणाऱ्या माणसाला कसं ताटकळत ठेवतात ते त्यांनी नोकरीत पाहिलं होतं. आपल्या मुलीला कोणी ताटकळत ठेवू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

कळा सुरू झाल्यावर तिला हॉस्पिटलात नेलं. काकू, म्हणजे ताईच्या सासूबाई, जवळ होत्या. दुपारी एक नर्स तपासायला आली. मुलगी म्हणाली, "मला त्रास होता." नर्सनं विचारलं, "फार होता का?" ती म्हणाली, "हो, फार होता." नर्स बरं म्हणाली, पांघरूण सारखं केलं, पडून राहा म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

हे नीट सांगायला हवं, कारण आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला ते कदाचित कळणार नाही. आमच्या बोलीत "पाऊस पडता" म्हणजे पाऊस आत्ता पडतो आहे. "पोट दुखता" म्हणजे आत्ता दुखतं आहे. तसंच "त्रास होता" म्हणजे त्रास आत्ता, या क्षणी होतो आहे. होऊन गेलेल्या त्रासाला आम्ही "त्रास होतो" म्हणतो. पुस्तकातल्या मराठीत नेमकं उलट आहे. ती "माका त्रास होता" म्हणाली असती तर त्या नर्सनं निदान थांबून विचारलं असतं, काय म्हणताय म्हणून. पण शिकवल्याप्रमाणे ती "मला" म्हणाली. अर्धं वाक्य वडिलांनी शिकवलेलं आणि अर्धं आईच्या तोंडचं. नर्सनं ऐकलं ते असं, की मघाशी फार त्रास होता, आता नाही. पोटात रक्तस्राव सुरू झाला होता. पुन्हा कोणी येऊन बघेपर्यंत उशीर झाला. ती गेली आणि बाळही गेलं.

ती नर्स वाईट नव्हती. ती नंतर रडत सांगत होती, पेशंट "मला त्रास होता" म्हणाली हो, "होतोय" नाही म्हणाली. तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं. काकू फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "माका कळला. माका वाटला, तिकाय कळला." ती म्हणजे नर्स.

ताई बोलायची थांबली. माइकवर नवा माणूस कुठल्याशा गाडीची घोषणा करत होता, आणि काका काचेच्या खोलीबाहेर मान तिरकी करून ती ऐकत होते, शब्द बरोबर लागतायत का ते बघत. मी त्या दिवसापासून त्यांच्या परीक्षेला लाजले नाही. उलट मला माझीच भीती वाटायला लागली. कॉलेजात मीही "मला" म्हणते. क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत मात्र मी पुन्हा तारकर्लीत आलेली असते.

पुढचे डॉक्टर वयस्कर होते, एकटेच सगळं बघायचे. "मला त्रास होता" म्हटल्याबरोबर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "खंय होता? कधीपासून?" ते आमच्याच बाजूचे. मला वाटलं, झालं, सापडले. काकांच्या चेहऱ्यावरही जरा बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही नसताना कोण असतं?"

"मीच असतो."

"जेवायला गेलात तर?"

"घर मागेच आहे."

"आंघोळीला?"

डॉक्टर हसायला लागले, पण मग त्यांचं हसू उतरलं. "खरं सांगू? नर्स मिळत नाही इथे. मिळाली तर टिकत नाही. मी आहे तोवर आहे." काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दोघं साधारण एकाच वयाचे असतील. बाहेर आल्यावर त्यांनी घोषणा केली नाही. छत्रीही उघडली नाही. "माणूस बरो," ते म्हणाले. "पण एकटो. एकट्यान काय काय ऐकूचा?"

त्या संध्याकाळी आमच्या पडवीत पहिल्यांदा आवाज चढले. आई म्हणाली, दिवस भरत आले, आता आणखी किती दवाखाने बघणार, मी ठरवलाय तोच बरा. बाबा म्हणाले, व्याह्यांचं मन मोडू नये. काका म्हणाले, आणखी एक बघायचा आहे. तिघं ताईच्या डोक्यावरून बोलत होते. ती खाली चटईवर पाय पसरून बसली होती, पायांना सूज होती. ती एकदम म्हणाली, "बाबांनू, तुमी सगळ्या डॉक्टरांका तपासलात. संडासाच्ये कडयेसुद्धा तपासलात. माका कोणी इचारूक नाय."

ताई सासऱ्यांशी असं कधी बोलत नाही. आईनं तिला डोळ्यांनी दटावलं. काका खुर्चीवरून उठले, आणि मला वाटलं आता छत्री उघडणार. पण ते चटईजवळ येऊन, गुडघे कुरकुरत असताना, जमिनीवर बसले.

"तुका काय व्हया?"

कोणी असं विचारायची ताईला सवय नसावी. ती गोंधळली. मग म्हणाली, "माका भीती वाटता. आत एकटी नको. ही माझ्यावांगडा रवांदे." ही म्हणजे मी, तिच्यासोबत आत राहायला. "आणि डॉक्टरांशी मी बोलतंय. तुमी नको."

"बरा," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "मी नुसतो बसलो तर चलात?"

"चलात."

शेवटचा दवाखाना लहान होता. डॉक्टरबाई घाटावरच्या, इथे येऊन फार दिवस झाले नव्हते. बाहेर नावानं हाक मारत होते. कडी होती, जरा घट्ट होती. आत गेलो, ताई बोलायला लागली, काका भिंतीकडच्या स्टुलावर तोंड मिटून बसले होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. ताईनंच त्यांच्याकडे पाहिलं आणि डॉक्टरबाईंना म्हणाली, "आमच्या सासऱ्यांना तुम्हाला एक सांगायचंय." सुनेनं परवानगी दिल्यावर ते पुढे आले आणि म्हणाले, "डॉक्टर, मला त्रास होता."

डॉक्टरबाई थांबल्या. "होता म्हणजे? आत्ता होतोय, की आधी होता?"

काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"रागवू नका आजोबा. मला तुमची भाषा अजून नीट कळत नाही. म्हणून मी विचारते. सिस्टर, होता म्हणजे काय हो यांच्यात?"

सिस्टर आमच्याच भागातल्या, कुठल्याशा ट्रेमध्ये हत्यारं लावत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "मॅडम, होता म्हणजे होतोय." आणि मग त्यांचं हसू थांबलं. "अगो बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मी कधी सांगितलंच नाही तुम्हाला."

मग मीच सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुठे पुढे होऊन बोलले. काकांच्या मुलीचं, त्या वाक्याचं. मध्ये मध्ये माझं मराठी अडखळत होतं, पण डॉक्टरबाईंनी मला वाक्य पुरं करू दिलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी बाहेरच्या मावशींना आत बोलावलं, दुसऱ्या पाळीच्या नर्सलाही बोलावलं आणि तिथेच सांगितलं, की इथून पुढे कोणीही होता म्हटलं की आत्ता का असं विचारायचं. वाक्य कळलं असं वाटलं तरी विचारायचं. मग त्या ताईकडे वळल्या. "तुम्हाला आत कोण हवंय?" ताईनं माझ्याकडे बोट केलं.

बाहेर आल्यावर मी काकांच्या घोषणेची वाट बघत होते. ती झाली नाही. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "तिका येणा नाय. पण तिना इचारल्यान."

बाळंतपणाचा दिवस आला तो एका मंगळवारी, दुपारची जेवणं होता होता. आम्ही रिक्षातून पोचलो तर काका आमच्या आधीच दवाखान्याच्या पायरीवर बसलेले. मसुऱ्याहून इतक्या लवकर ते, काकूंना घेऊन, कसे आले हे मला अजून कळलेलं नाही. आईनं त्यांना वर चला म्हटलं. ते म्हणाले, "नको. मी हय बरो." आत काकू ताईच्या केसांवरून हात फिरवून गेल्या आणि मग खोलीत मी, ताई आणि सिस्टर एवढ्याच राहिलो. मला वाटलं होतं मी फार धीट राहीन. प्रत्यक्षात ताईनं माझा हात धरला होता की मी तिचा, ते सांगता येणार नाही.

कळा येत होत्या, जात होत्या. सिस्टर बाळाचे ठोके ऐकून गेल्या होत्या, सगळं ठीक होतं. मग त्या औषधाची बाटली लावत असताना ताई एकदम शांत झाली. चेहरा पांढरा पडला. आणि ती, जिला ती गोष्ट पाठ होती, जिनं ती मला सांगितली होती, ती अगदी हळू, अगदी सभ्यपणे म्हणाली, "सिस्टर, मला त्रास होता."

मी हाक मारायला तोंड उघडलं. पण सिस्टर वळल्याच होत्या. "आत्ता?"

"आत्ता."

"जाता येता, की ऱ्हवलाहा?"

"ऱ्हवलाहा. जाणा नाय." दुखणं जात नव्हतं, थांबूनच राहिलं होतं.

सिस्टरांनी पोटावर हात ठेवला. दोन कळांच्या मध्ये सैल पडायला हवं ते पोट फळीसारखं टणक राहिलं होतं. त्यांनी दारातून डॉक्टरबाईंना हाक मारली, ओरडून नाही, पण अशी की डॉक्टरबाई धावत आल्या. मग सगळं भराभर झालं. बाळ जन्मायच्या आधीच वार सुटायला लागली होती. ताईला ऑपरेशनसाठी नेलं. मला दाराबाहेर थांबवलं. आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, नुसते आवाज येत होते, आणि मग त्यांत एक नवा आवाज आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मी पायऱ्या उतरून काकांकडे गेले. आई, काकू आधीच रडत वर गेल्या होत्या. काका तिथेच बसलेले. मी सांगितलं, मुलगी झाली, ताई बरी आहे. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "त्रास झालो?" मी सगळं सांगितलं. ताई काय म्हणाली, सिस्टरांनी काय विचारलं, डॉक्टरबाई कशा आल्या. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

"सिस्टर काय म्हणाली?"

"आत्ता, असं विचारलं."

"आणखी?"

"आणखी काही नाही काका. पोटाला हात लावला आणि डॉक्टरांना बोलावलं."

ते समोर रस्त्याकडे बघत होते. "एवढाच करूक लागता?" ते म्हणाले.

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. झालाही असेल. पण ताईची सुटका झाली त्याच क्षणी त्यांना हेही कळलं होतं, की त्यांच्या मुलीला वाचवायला मोठं हॉस्पिटल नको होतं, लिफ्ट नको होती, एक शब्द पुरला असता. इतकी वर्षं ते काय शोधत होते कोण जाणे, पण ते इतकं लहान असेल असं त्यांना वाटलं नसावं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. थोड्या वेळानं ते उठले आणि कठड्याला धरून एक एक पायरी चढत वर गेले.

त्यानंतर त्यांनी डॉक्टर तपासणं सोडलं. वाडीतली एक बाई आपल्या गरोदर लेकीला घेऊन त्यांच्याकडे आली होती, कुठला डॉक्टर बरा ते सांगा म्हणून. त्यांनी लेकीला पाट दिला आणि आईला म्हटलं, "माका कित्याक इचारतंस? तिका इचार." आमच्याकडेही ते आता क्वचित येतात. आई मात्र अजून कधी ताजी सुरमय मिळाली की म्हणते, आज व्याही यायला हवे होते.

बारसं आमच्याच घरी झालं. पाळणा बांधला, बायका जमल्या, आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. आधी कोणी त्याबद्दल बोललंच नव्हतं. कोणीतरी हळूच म्हणालं, आत्याचंच नाव ठेवूया बाळाला. काका म्हणाले, "नको. तिचा नाव तिकाच रवांदे." मिठबावहून आलेली भावोजींची एक चुलतबहीण, नात्यानं आत्याच, पुढे झाली. काकांनी तिला हातानंच थांबवलं. "मी सांगतंय," ते म्हणाले. पुरुषमाणसानं असं करायचं की नाही यावर बायकांत जरा कुजबुज झाली, पण काकूंनी पाळण्याची दोरी धरली आणि सगळ्या गप्प बसल्या.

ते पाळण्यावर वाकले. सबंध स्टँडला ऐकू जाणारा तो माणूस, पण त्यांच्या तोंडातला एक शब्दही आमच्यापर्यंत आला नाही. बाळाचं नाव ताईनं निवडलेलं, अगदी छोटं आहे. ते सांगायला क्षणभर पुरे. काका मात्र बराच वेळ तसेच वाकून, तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलत राहिले, आणि ती डोळे उघडे ठेवून, न रडता ऐकत होती. ते काय सांगत होते, हे आम्ही कोणी विचारलं नाही.